घरच्या कुत्र्याचे फ्लॅशने फोटो: आधी उजेड लावा, कुत्र्याला शेवटी बोलवा

आमची काजळ काळी कुळकुळीत. छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका, बाकी नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत काळी. सोसायटीच्या गेटवरून घरात आली त्याला पाच वर्षं झाली. तिचे शेकडो फोटो काढले आणि बहुतेक सगळ्यांत ती म्हणजे सोफ्यावर पडलेला एक काळा गोळा आणि त्यात दोन हिरवे दिवे. पुण्यात जून ते सप्टेंबर घरात उजेड बेताचा, त्यात ऑफिसातून घरी येईपर्यंत सात वाजलेले. म्हणून कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवून वापरायचा फ्लॅश आणला.

पहिल्याच संध्याकाळी मोठी चूक केली. हॉलच्या मधोमध, काजळ समोर बसलेली असताना, अंब्रेला (फ्लॅशचा उजेड पसरवणारी छत्री) फट्‌कन उघडली आणि लगेच फ्लॅश मारून पाहिला. ती दिवाणाखाली गेली ती रात्री जेवायलाही बाहेर आली नाही. पुढचे दोन आठवडे हॉलचा तो कोपरा ती वळसा घालून ओलांडायची. आज तीच काजळ स्टँड दिसला की आपणहून चटईवर येऊन बसते. मधल्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते. क्रम मोडू नका एवढीच विनंती, कारण कुत्र्यासमोर उभं राहून सेटिंग शोधत बसलं की सगळं बिघडतं.

१. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर का हवा

कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो, त्याला टॅपेटम म्हणतात. अंधुक उजेडातही त्याला दिसतं ते या थरामुळे. फ्लॅश लेन्सला चिकटून असला की त्याचा उजेड या थरावर आपटून सरळ लेन्समध्ये परत येतो आणि डोळे हिरवे-पिवळे पेटतात. हस्कीसारख्या निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांत हा थर पुष्कळदा नसतो, म्हणून त्यांचे डोळे माणसांसारखे लाल येतात. फ्लॅश हातभर बाजूला नेला की परतणारा उजेड लेन्सला चुकवून जातो. सॉफ्टवेअरमध्ये डोळे रंगवत बसायची गरजच उरत नाही.

दुसरं कारण केसांचं. समोरून आलेला उजेड केस सपाट करून टाकतो. बाजूने आला की केसागणिक सावली पडते आणि काळ्या अंगावरही लव दिसायला लागते.

२. आधी कुत्र्याकडे बघा

फिट येणारा कुत्रा, मोतीबिंदू किंवा काचबिंदू असलेला, डोळ्याचं ऑपरेशन झालेला किंवा डोळ्यांत थेंब चालू असलेला कुत्रा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फ्लॅश नको. पिल्लांचे डोळे जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांचे फोटो मी फक्त खिडकीच्या उजेडात काढते.

विजा आणि फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याच्या डोक्यात लख्ख उजेड आणि पाठोपाठचा धडाका यांची जोडी घट्ट बसलेली असते. तो फ्लॅश चमकला की आवाजाची वाट बघतो. दिवाळीचा आठवडा आणि वळवाच्या पावसाचे दिवस यासाठी सोडून द्या. फटाके थांबल्यावरही दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत असं माझं मत आहे.

३. सामान

- हॉट शू (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) असलेला कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा. किटसोबत मिळणारी १८-५५ लेन्स पुरते. फ्लॅश असताना महागड्या, जास्त उजेड घेणाऱ्या एफ १.८ च्या लेन्सची निकड राहत नाही.
- एक मॅन्युअल स्पीडलाइट, म्हणजे सेलवर चालणारा छोटा फ्लॅश, ज्याची पॉवर आपण हाताने ठरवतो. मी गोडॉक्स टीटी ६०० वापरते. रेडिओ रिसीव्हर त्याच्या आतच आहे, वेगळा घ्यावा लागत नाही.
- त्याच कंपनीचा ट्रिगर (कॅमेऱ्यावर बसवून लांबचा फ्लॅश रेडिओने पेटवणारा), तुमच्या कॅमेऱ्याच्या ब्रँडसाठीचा.
- रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे डबल ए सेल, किमान आठ. चार फ्लॅशमध्ये, चार चार्ज करून बाजूला.
- लाइट स्टँड, अंब्रेला लावायचा ब्रॅकेट आणि ३३ किंवा ४० इंची पांढरी, आरपार उजेड जाणारी अंब्रेला.
- स्टँडच्या पायावर ठेवायला पाच किलो तांदळाची पिशवी. शेपटीच्या एका फटक्यात स्टँड आडवा होतो, हे लॅब्रेडॉरवाल्यांना सांगायला नको.
- चटई किंवा गोधडी, साध्या रंगाची.
- उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे.
- ओला कापूस, कोरडा नॅपकिन.

खाऊबद्दल थोडं. बिस्किटाचा चुरा मिशांना चिकटतो आणि फ्लॅशमध्ये एकेक कण चमकतो, म्हणून बिस्किट नको. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण घातलेलं काहीही कुत्र्याला विषारी. घाईघाईत घरातलं उरलेलं चिकन देऊ नका, त्यात कांदा असतोच. वेगळं उकडा, मीठसुद्धा नको.

खरेदीत एक खाचखळगा आहे. कॅननच्या २०० डी मार्क टूसारख्या काही मॉडेलच्या हॉट शूमध्ये मधली पिनच नाही. फक्त त्या पिनवर चालणारा साधा ट्रिगर तिथे काम करत नाही. कॅमेरा दुकानात घेऊन जा, ट्रिगर चढवून फ्लॅश पेटतो का ते पाहा आणि मगच पैसे द्या. सोनीचा शू वेगळ्या धाटणीचा असतो, त्यासाठी सोनी कॅमेऱ्यांसाठीचाच ट्रिगर मागा.

अंब्रेला लगेच घ्यायलाच हवी असं नाही. घरात पांढरी किंवा फिकट भिंत असेल तर स्पीडलाइट त्याच्याबरोबर आलेल्या चपट्या पायावर बसवून स्टुलावर ठेवा आणि तोंड भिंतीकडे करा. उजेड भिंतीवर आपटून परत येतो आणि ती भिंत खिडकीसारखी वागायला लागते. भित्र्या कुत्र्यासाठी मला हीच पद्धत सगळ्यांत आवडते. समोर अनोळखी पांढरी छत्री नाही, डोळ्यांत थेट झगझगाट नाही. भिंत मात्र खरोखर पांढरी हवी. आमच्या बेडरूमची भिंत पिस्ता रंगाची आहे. तिथे काढलेल्या फोटोंत एका मैत्रिणीचा पांढरा स्पिट्झ आजारी दिसत होता.

४. सवयीचे तीन दिवस

ही पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती.

पहिला दिवस: दुसऱ्या खोलीत, दार लावून, स्टँड उभा करा आणि अंब्रेला हळू उघडा. मग ते सगळं हॉलमध्ये आणून ठेवा आणि विसरून जा. फ्लॅश बंद. स्टँडच्या पायाशी दोन-तीन खाऊचे तुकडे टाकून ठेवा. कुत्रा येईल, हुंगेल, खाईल, जाईल. त्याला हाक मारू नका, ओढून आणू नका.

फ्लॅशचा आणि ट्रिगरचा ‘बीप’ आजच मेनूमध्ये जाऊन बंद करा. आपल्याला तो आवाज क्षुल्लक वाटतो, पण काजळ उजेडापेक्षा त्याच आवाजाला दचकत होती हे मला फार उशिरा कळलं.

दुसरा दिवस: फ्लॅश सर्वांत कमी पॉवरवर, म्हणजे पूर्ण पॉवरच्या १/१२८ वर. तोंड कुत्र्याच्या विरुद्ध दिशेला, लांबच्या भिंतीकडे. एकदा पेटवा, लगेच तुकडा द्या. पुन्हा पेटवा, पुन्हा तुकडा. असं आठ-दहा वेळा. क्रम नेहमी उजेड आधी, खाऊ नंतर. उलट केलंत तर चिकन दिसलं की काहीतरी चमकणार हे तो शिकेल आणि चिकनलाच बिचकेल.

तिसरा दिवस: फ्लॅश जिथे लावायचा तिथे, पॉवर १/६४, कुत्रा चटईवर. कॅमेरा हातात धरा, पण फोटो बघत बसू नका. दहा वेळा पेटवा आणि संपवा.

या तिन्ही दिवसांत त्याच्या अंगाकडे लक्ष ठेवा. खाऊ समोर नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागे, शेपूट पोटाशी, तोंड वळवून डोळ्याच्या कडेने पांढरं दाखवत बघणं, गरम होत नसताना धापणं. यातलं काहीही दिसलं तर एक दिवस मागे जा. काजळला तीन दिवसांऐवजी अकरा दिवस लागले, कारण तिला आधी मीच घाबरवलं होतं. उठून गेला तर जाऊ द्या. आपण उठून जाऊ शकतो हे कळलेला कुत्राच निवांत बसतो.

५. जागा

हॉलमध्ये दहा फूट लांबी मिळाली तरी भागतं. चटई मागच्या भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे अंथरा. इथे एक साधं गणित कामाला येतं. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. कुत्रा अंब्रेलापासून तीन फुटांवर आणि मागची भिंत नऊ फुटांवर असेल तर भिंतीला कुत्र्याच्या एक नवमांशच उजेड मिळतो. भिंत गडद राखाडी दिसते, तिच्यावरचं कॅलेंडर आणि स्विचबोर्ड अंधारात जातात. वेगळा काळा पडदा आणायची गरज नाही.

टीव्ही, शोकेसची काच, फ्रेम केलेले फोटो आणि चकचकीत टाइल्स यांत फ्लॅशचं प्रतिबिंब पडतं. टाइल्सवर चटई किंवा गोधडी, टीव्हीवर चादर. निसरड्या फरशीवर कुत्र्याचे मागचे पाय फाकतात आणि तो अवघडून बसतो, म्हणूनही चटई लागतेच. पंखा मंद ठेवा, नाहीतर झडलेले केस हवेत तरंगतात आणि फोटोत पांढऱ्या रेघा येतात. हॉलमधले दिवे मात्र चालू ठेवा. पूर्ण अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही, आणि कुत्र्याची बाहुली एवढी मोठी होते की डोळ्याचा तपकिरी रंगच दिसत नाही.

६. कॅमेऱ्याची सेटिंग, आणि काळा फोटो

कॅमेरा एम म्हणजे मॅन्युअल मोडवर. शटर १/१६० सेकंद, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, व्हाइट बॅलन्स फ्लॅशवर, फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल).

आता फ्लॅश बंद ठेवून रिकाम्या चटईचा एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. नवख्यांना वाटतं काहीतरी चुकलं. काहीही चुकलेलं नाही. ट्यूबलाइट आणि पिवळ्या बल्बचा उजेड फोटोत शिरत नाही याची ती खूण आहे. आता फोटोत जो उजेड येईल तो फक्त तुम्ही लावलेला. त्यात दुहेरी रंग नाही की एलईडीचे पट्टे नाहीत.

शटर १/१६० का, हे समजून घ्या. प्रत्येक कॅमेऱ्याची एक सिंक स्पीड (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर) असते, बहुतेकांची १/१६० ते १/२५० च्या दरम्यान. शटर त्याहून वेगवान केलं तर पडदा पूर्ण उघडायच्या आत बंद व्हायला लागतो आणि फोटोत एका बाजूला काळी पट्टी येते. ‘कुत्रा हलतो, मग शटर वाढवायला नको का?’ असं सगळे विचारतात. नको, कारण इथे हालचाल शटर थांबवत नाही, फ्लॅश थांबवतो. खोलीचा उजेड फोटोत येतच नाही, त्यामुळे फ्लॅश जेवढा वेळ पेटतो तेवढाच फोटोचा खरा वेळ. पूर्ण पॉवरवर साधा स्पीडलाइट सेकंदाच्या दोनशे-तीनशेव्या भागाएवढा पेटतो. पॉवर कमी कराल तसा हा वेळ आखडत जातो, आणि १/३२ वर तर काही हजाराव्या भागापर्यंत येतो. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने दुधाचे थेंब आणि पुढे बंदुकीच्या गोळ्याही हवेत ‘थांबवल्या’, त्या याच तत्त्वावर. कान झटकणारा कुत्रा त्यापुढे फार सोपा.

म्हणून पॉवर कमी ठेवण्याकडे कल हवा. सेल टिकतात, फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो आणि कुत्र्यालाही झगझगाट कमी जाणवतो. उजेड कमी वाटला तर आधी अंब्रेला जवळ आणा, मग आयएसओ वाढवा, पॉवर शेवटी.

अपर्चरबद्दल. क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर लेन्सने दीड मीटरवरून फोटो काढला तर एफ १.८ ला जेमतेम सहा-सात सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. नाक आणि डोळे यांत तेवढं अंतर सहज असतं, त्यामुळे डोळे नेमके आले तर नाक लोण्यासारखं विरघळतं. एफ ५.६ ला हीच खोली वीस सेंटिमीटरच्या आसपास जाते. पग असेल तर एफ ४ सुद्धा चालेल. कारवान किंवा मुधोळसारखा लांब तोंडाचा कुत्रा असेल तर थेट एफ ८.

किट लेन्स ५५ वर ठेवा. १८ वर नेऊन जवळ गेलात तर नाक बटाट्याएवढं आणि कान बोराएवढे दिसतात.

७. दिवा कुठे ठेवायचा

माणसांच्या फोटोंवरून शिकलेले लोक इथे हमखास चुकतात. ते स्टँड सहा फुटांवर चढवतात. कुत्र्याचे डोळे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असतात. एवढ्या उंचीवरून आलेला उजेड त्याच्या भुवईच्या हाडावर अडतो आणि डोळे दोन काळ्या खोबणी होतात. अंब्रेलाचा मध्य कुत्र्याच्या डोळ्यांपेक्षा फूट-दीड फूटच वर हवा, म्हणजे जमिनीवर बसलेल्या मध्यम कुत्र्यासाठी तीन ते साडेतीन फुटांवर. स्टँड जवळपास पूर्ण मिटवावा लागतो.

वरून बघितलं तर कॅमेरा-कुत्रा या रेषेपासून ४५ अंश बाजूला, अंतर तीन फूट. कुत्रा ज्या बाजूला तोंड करून बसायचा, म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकघराचं दार जिकडे आहे, त्या बाजूला दिवा ठेवा. तो दाराकडे बघतो आणि उजेड चेहऱ्यावर येतो. उलट बाजूला ठेवलात तर नाकाची लांब सावली गालावर पसरते.

दिवा बरोबर लागलाय की नाही हे ओळखायची खूण डोळ्यांत असते. बुबुळावर अंब्रेलाचा पांढरा ठिपका घड्याळातल्या दहाच्या किंवा दोनच्या जागी दिसला पाहिजे. तो ठिपका नसेल तर फोटो कितीही स्वच्छ असो, कुत्रा निर्जीव दिसतो.

८. पॉवर ठरवा, कुत्र्याशिवाय

चटईवर स्टूल ठेवा आणि त्यावर कुत्र्याच्या रंगाचं काहीतरी, त्याच्या डोक्याच्या उंचीवर. काजळसाठी मी काळं लोकरीचं जर्किन घडी करून ठेवते. पांढऱ्या कुत्र्यासाठी टर्किश टॉवेल उत्तम, कारण त्याचे धागे दिसतात की जळून जातात हे लगेच कळतं.

अंब्रेला तीन फुटांवर असेल तर १/३२ पासून सुरुवात करा. भिंतीवरून उजेड घेत असाल तर १/४ पासून, कारण तिथे उजेडाला लांबचा रस्ता आहे. एक फोटो काढा, स्क्रीनवर मोठा करून बघा. जर्किनची लोकर दिसत नसेल तर पॉवर एक पायरी वर, म्हणजे दुप्पट. टॉवेलचा धागा दिसत नसेल तर एक पायरी खाली. चार-पाच फोटोंत आकडा सापडतो. फ्लॅश मॅन्युअलवर असल्यामुळे तो आता बदलत नाही. आपोआप पॉवर ठरवणारी टीटीएल पद्धत काळ्या कुत्र्याला राखाडी करायला बघते आणि पांढऱ्याला मळकट, म्हणून ती नसलेला मॅन्युअल फ्लॅशच मला बरा वाटतो.

एकच गोष्ट हा आकडा मोडते, ती म्हणजे अंतर. कुत्रा तीन फुटांवरून दोन फुटांवर सरकला की त्याच्यावरचा उजेड सव्वादोन पट होतो. चटई म्हणूनच महत्त्वाची. ती लहान घ्या, म्हणजे बसायला एकच जागा उरते.

९. आता कुत्र्याला बोलवा

वेळ फिरून आल्यावरची, जेवणाच्या आधीची. पोट भरलेल्याला खाऊत रस नसतो आणि न फिरलेला एका जागी बसत नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातली घाण ओल्या कापसाने पुसा, तोंडाची लाळ नॅपकिनने. पट्टा ठेवायचा असेल तर परवान्याचा बिल्ला मागे फिरवा, नाहीतर तो आरशासारखा चमकतो.

घरातलं एक माणूस मदतीला घ्या, त्याच्याकडे खाऊ. ते माणूस दिव्याच्या बाजूला बसेल, तुमच्या मागे नव्हे. तुम्ही पोटावर झोपा. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीत आला पाहिजे. उभं राहून काढलेल्या फोटोत कुत्रा नेहमी आपल्याकडे काहीतरी मागताना दिसतो.

फोकस जवळच्या डोळ्यावर. कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर एकच फोकस पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा.

नावाने हाक मारू नका. नाव ऐकलं की तो उठून तुमच्याकडे येतो, शहाण्या कुत्र्याने तेच करायचं असतं. कान टवकारायला अनोळखी आवाज हवा: मांजरासारखं बारीक म्याव, कागदी पिशवीची चुरचुर, जिभेने टक्‌टक्. प्रत्येक आवाज दोनदा, फार तर तीनदा चालतो, मग तो जुना होतो. चांगला आवाज आधीच खर्च करू नका. सगळं तयार असताना, बोट शटरवर ठेवून, मग करा. मान तिरकी करून ऐकायचा तो क्षण एक-दीड सेकंदाचा असतो.

काजळचा जो फोटो आज हॉलमध्ये लावलाय तो असाच मिळाला. माझ्या आईने स्वयंपाकघरात फ्रीजचं दार उघडलं. काजळचा डावा कान आधी वळला, मग मान, मग उजव्या भुवईवरचे चार लांब केस उभे राहिले. काळ्या तोंडावर ते केस आहेत हे पाच वर्षं मला माहीत नव्हतं.

पंधरा मिनिटं झाली की थांबा. फोटो मिळाले नसतील तरी थांबा आणि शेवटी मोठा तुकडा देऊन उठवा. उद्या आहेच.

१०. काळे आणि पांढरे

काळ्या कुत्र्याला एक दिवा कधीकधी कमी पडतो, दिव्याकडची बाजू छान आणि दुसरी बाजू पार्श्वभूमीत बुडालेली. दुसरा फ्लॅश घेण्याआधी दिव्याच्या समोरच्या बाजूला, कुत्र्यापासून दोन फुटांवर, पांढरी चादर घातलेला कपडे वाळवायचा स्टँड उभा करा. तेवढ्याने कानाची कड सुटते. काळ्या केसांसाठी दिवा ४५ ऐवजी ६०-७० अंशांपर्यंत बाजूला नेऊन पाहा. लव अधिक उठून दिसते.

पांढऱ्यासाठी उलट. दिवा थोडा समोर, पॉवर एक पायरी कमी, आणि स्क्रीनवर जास्त उजळ भाग लुकलुकायची सूचना चालू. पाठीचे केस लुकलुकत असतील तर ते जळायला लागलेत, रॉ फाइलमधूनही परत येतीलच असं नाही. काळं-पांढरं दोन्ही अंगावर असलेल्या कुत्र्यासाठी आकडा पांढऱ्यावरून ठरवा आणि काळं नंतर संगणकावर थोडं उचला.

११. बिघडलंच तर

फ्लॅश पेटतच नाही: नव्वद टक्के वेळा कॅमेरा सायलेंट मोडवर असतो. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चालू असताना फ्लॅश चालत नाही. कुत्रा दचकू नये म्हणून आपण आवाज बंद करतो आणि तिथेच घोडं पेंड खातं. मेकॅनिकल शटर लावा. तरीही नाही तर ट्रिगर आणि फ्लॅशचा चॅनल नंबर जुळतो का बघा.

मिररलेसच्या स्क्रीनवर सगळं काळं दिसतं: कॅमेरा तुमच्या सेटिंगप्रमाणे अंधार दाखवतोय. मेनूमधलं एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करा. सोनीमध्ये तेच ‘सेटिंग इफेक्ट’ नावाने सापडतं.

दर दुसरा फोटो काळा: सेल दमलेत किंवा पॉवर जास्त आहे.

डोळे अजूनही चमकतात: दिवा लेन्सच्या फार जवळ आला आहे, किंवा कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडा राहिला आहे.

१२. आवरताना

अंब्रेला दुसऱ्या खोलीत नेऊन मिटवा. उघडताना जेवढी काळजी घेतली तेवढीच मिटवताना घ्या, त्या आवाजानेही तीन दिवसांची मेहनत पाण्यात जाऊ शकते. फ्लॅश आणि ट्रिगरमधले सेल काढून मोजून डबीत ठेवा. चघळणाऱ्या पिल्लाच्या घरात सोफ्याखाली गडगडलेला एक सेलसुद्धा परवडत नाही. गिळला किंवा फोडला अशी शंका आली तरी वाट न बघता डॉक्टर गाठा.

आणि आकडे लिहून ठेवा. आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे: ‘काजळ, निळी चटई, अंब्रेला ३ फूट, उंची ३ फूट, १/१६, एफ ५.६, आयएसओ ४००.’ खाली दुसरी ओळ स्पिट्झची, त्याला १/६४. चटईच्या आणि स्टँडच्या जागांवर फरशीच्या सांध्यात पेन्सिलीची बारीक खूण आहे. आता पाच मिनिटांत मांडामांड होते, आणि खाऊचा डबा उघडायच्या आत काजळ जागेवर बसलेली असते.